दोन किलोंसाठी तोडलेलं पाणी

मुलींच्या संघासोबत एक बाई लागते, म्हणून मुखेडच्या आमच्या शाळेनं मला लातूरच्या स्पर्धेला पाठवलं. कुस्तीतलं मला काही कळत नव्हतं. पण संघातली आठवीची एक पोर माझ्याच वर्गातली. वजन चव्वेचाळीस किलो, म्हणजे गट शेहेचाळीसचा; पण कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांना ती बेचाळीसच्या गटात हवी होती.

"शेहेचाळीसात लई तगड्या पोरी हायेत," ते म्हणाले. "दोन किलोचं काय घेऊन बसलात बाई? एका दिवसात तुटतंय."

आदल्या दुपारपासून तिचं पाणी बंद. एसटीत घाम गळावा म्हणून अंगात दोन स्वेटर, वर रेनकोट; थुंकून वजन उतरावं म्हणून हातात रिकामा डबा. अहमदपूरच्या पुढं तिनं हळूच विचारलं, "बाई, नुसती चूळ भरू का?"

मी वस्तादांकडं पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आणि मी, शिकली-सवरलेली बाई, तिला म्हणाले, "थांब थोडं." माझ्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती. याबद्दल मला अजून स्वतःचाच राग येतो.

लातूरला मैदानावर वस्तादांनी तिला उन्हात पळवलं. दुसऱ्या फेरीत ती कोसळली. ओठ पांढरे, पिंढऱ्यांत गोळे.

"नाटक करायलीय," वस्ताद म्हणाले.

मी त्यांचं काही ऐकलं नाही. रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. सलाईन लावता लावता डॉक्टरीणबाई माझ्यावरच कडाडल्या, "वाढत्या पोरीचं पाणी तोडून वजन उतरवता? जे वजन आहे त्यात खेळवा!"

निरोप मिळून दुपारी तिचे वडील दवाखान्यात आले. घरी देवणी बैल सांभाळणारा माणूस. आवाज न चढवता ते तिथं आलेल्या वस्तादांना म्हणाले, "बैल बाजारला न्यायचा तरी आमी पाणी पाजून नेतो. ही तर लेकरू हाय."

"सगळीकडं असंच चालतंय," वस्ताद म्हणाले. "आमी बी असंच केलं."

म्हणून काय झालं? तुम्ही तडफडलात म्हणून पुढच्या लेकरांनीही तडफडायचं?

पोर आता शेहेचाळीसात खेळते. दोन कुस्त्या हरली, तिसरी जिंकली. स्पर्धेच्या महिनाभर आधी शाळेतच वजन घ्यावं, भरेल त्याच गटात नाव द्यावं, असा अर्ज मी मुख्याध्यापकांना दिला. "खेळाचं खेळवाल्यांना बघू द्या, बाई," म्हणत त्यांनी तो परत केला. आता दुसरा लिहिलाय, पालकांच्या सह्या घेऊन. पहिली सही तिच्या वडिलांची आहे.