आधी खोकला माझा होता

चूक माझी होती, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. पुढं ढकललं की ते राहून जातं, हा माझा अनुभव आहे.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला सुपारीएवढं गोल काळं दिसत होतं. "याला कॅव्हिटी म्हणतात. फुप्फुसात पोकळी पडली आहे," ते म्हणाले. "तुमचा स्पुटम पॉझिटिव्ह आला आहे, म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. खोकला कधीपासून आहे?"

"चार महिने."

"चार महिन्यांत एवढं होत नाही. नीट आठवा."

"वर्ष झालं असेल."

"तुमच्या आसपास आणखी कुणाला आहे?"

"आमच्या मंडळीतल्या एका मुलीला. चार महिन्यांपूर्वी कळलं. मी तिच्या घरी प्रार्थनेला जातो."

"त्याआधी तिच्याजवळ बसणं-उठणं होतं?"

"नाताळची गीतं बसवत होतो. महिनाभर, रोज संध्याकाळी. थंडीमुळं दारं लावून."

डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला. "मग तिचं तुम्हाला नाही. तुमचं तिला गेलं असणार," असं म्हणून ते पुढच्या रोग्याकडं वळले. त्यांच्या दृष्टीनं ती एक माहिती होती.

मी लोणंदला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. आमची ख्रिस्ती मंडळी पंचवीस-तीस घरांची. मी त्या मंडळीचा वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या चौघांपैकी एक. गीतं शिकवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. त्या वेळी भाकर आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, देत आणि द्राक्षरसाचा प्याला माझ्या हातात असे. आमच्याकडं एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागतो. खोकला आहे असं कळलं असतं तर तो प्याला दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला असता. एवढ्यासाठी मी वर्षभर उपासनेत लवंग तोंडात धरून बसलो. रुमालावर रक्त दिसलं तेव्हा बायकोला, सुशीलेला, हिरडी दुखते म्हणून सांगितलं.

रिबका वीस वर्षांची. तिची आई मार्थाबाई विधवा, शिवणकाम करून घर चालवणारी. रिबकाचा आवाज चांगला, म्हणून तिला मी अगदी समोर बसवायचो. फाल्गुनात तिला ताप येऊ लागला, मग खोकला, मग निदान झालं. कडेगावच्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं. त्या लोकांनी निरोप पाठवला की मुलगा इतक्यात लग्न करायचं म्हणत नाही. आम्ही सगळे त्याचा अर्थ समजलो.

मार्थाबाईंनी मला प्रार्थनेला बोलावलं. मी गेलो, तिच्या खाटेजवळ गुडघे टेकले आणि प्रार्थना संपल्यावर तिला म्हणालो, "बाळ, स्वतःला तपासून बघ. मनात काही लपवलेलं पाप असेल तर प्रभूपुढं उघड कर." हे बोलताना माझ्या तोंडात लवंग होती. ती रडली. मला वाटलं, माझे शब्द लागू पडले.

दवाखान्यात क्षयाच्या रोग्यांना मागच्या व्हरांड्यात ठेवत. अठरा खाटा, एका बाजूला जाळी. प्रत्येकाला झाकणाचा एक डबा, थुंकायला. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन रोज कमरेवर. त्यानं कानात सतत किणकिण होते, उठताना तोल जातो. त्याबरोबर आयएनएचच्या गोळ्या, त्या दीड वर्ष. ज्यांना हे औषध सुरू होईल त्यांना सांगतो: दुसऱ्या महिन्यात भूक लागते, अंगावर मांस चढतं, आपण बरे झालो असं वाटतं. तेव्हा गोळ्या सोडू नका. आमच्या व्हरांड्यात दुसऱ्यांदा आलेले पाच जण होते, पाचही जणांनी तेव्हाच सोडल्या होत्या.

सुशीलेची तपासणी झाली, तिला लागण नव्हती. ती पंधरा दिवसांनी एकदा गाडीनं येई. जाळीच्या पलीकडं उभी राहून जेवणाचा डबा आत सरकवी आणि परतीच्या गाडीपर्यंत आम्ही घरातल्या दुरुस्त्यांबद्दल बोलत असू. मधले दिवस फार लांब असत. रोज सकाळी दवाखान्यातल्या एक ख्रिस्ती बाई व्हरांड्याच्या टोकाशी उभ्या राहून वचन वाचत आणि एक गीत म्हणत. मला सगळी गीतं पाठ होती. मी एकही म्हटलं नाही.

दुसऱ्या महिन्यात पाळकसाहेब भेटायला आले. "सलाम, मास्तर," म्हणाले. "मंडळीला तुमचा अभिमान वाटतो. त्या मुलीच्या दाराशी कुणी फिरकत नव्हतं तेव्हा तुम्ही गेलात आणि तिचं दुखणं अंगावर घेतलंत. मागच्या रविवारी मी हेच सांगितलं सगळ्यांना."

मी म्हणायला हवं होतं, साहेब, उलटं आहे. मी म्हणालो, "प्रभूची इच्छा."

ते गेल्यावर शेजारच्या खाटेवरचे बिरूअण्णा हसले. ते म्हसवडकडचे, मेंढरं राखण्यात जन्म गेलेला, सिद्धनाथाचे भक्त. उशाशी त्यांची भंडाऱ्याची पुडी असे. "आवं मास्तर," ते म्हणाले, "तुमी सकाळी डोळं मिटून बसता, पर व्हट हालत न्हाईत. झोपताय का काय?"

"प्रार्थना मनातल्या मनात करतो."

"व्हय व्हय. मी बी मनातल्या मनात मटण खातो."

त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. पण आठ दिवसांनी रिबकाचं पत्र आलं, तेव्हा मला ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. अंतर्देशीय पत्रावर तिनं लिहिलं होतं: 'मास्तर, सलाम. माझ्यामुळं तुम्हाला हे भोगावं लागलं. मी पुष्कळ तपासून बघितलं, पण कोणतं पाप ते सापडत नाही. तुम्ही मला क्षमा करा. लोक बघतात म्हणून मी चर्चमध्ये येत नाही. आई म्हणते, बाहेर पायरीवर बस, पण मला तेही नको वाटतं.'

बिरूअण्णांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, आणि मग डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. ते पायाची बोटं चोळू लागले.

"म्हंजी पोरगीच तुमची माफी मागतीया."

"हो. मी रोज देवाकडं क्षमा मागतो आहे, अण्णा. पण शब्द फुटत नाही."

"कसा फुटंल? माझ्या कुत्र्यानं तुमचं मेंढरू फाडलं तर मी सिद्धनाथाला नारळ फोडू का तुमच्याकडं येऊ? देवाला त्रास द्याय लय सोपं असतंय, गड्या. त्यो काय दारात उभा राहून शिव्या देत न्हाई."

मला राग आला. आमच्या धर्मातलं यांना काय कळतं, असं मनात आलं. तरी पुढच्या रविवारी खाटांवर प्रभुभोजन द्यायला सांगलीचे पाळक आले तेव्हा मी हात पुढं केला नाही. भावाचं तुझ्याविरुद्ध काही असेल तर आधी त्याच्याशी समेट कर, हे येशूचं वचन मीच मुलांना शिकवत आलो होतो.

तरी मी पत्राचं उत्तर दिलं नाही. तीनदा कागद घेतला. प्रत्येक वेळी वाटलं, हे पत्र मार्थाबाई वाचतील, शेजारीण वाचेल, मंडळीभर होईल. बिरूअण्णा कार्तिकात गेले. खाट धुऊन उन्हात ठेवली होती, त्यावरून मला कळलं.

सहाव्या महिन्यात माझा स्पुटम निगेटिव्ह आला, म्हणजे थुंकीत जंतू उरले नाहीत. "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही," डॉक्टर म्हणाले. "घरी जा. गोळ्या चालू ठेवा."

आमच्यात आजारातून उठलेला माणूस पहिल्या रविवारी उभा राहून साक्ष देतो, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं: खोकला वर्षभराचा होता, मी तो लपवला, रिबकाला तो माझ्याकडून गेला. बायका डोळे पुसू लागल्या. कुणीतरी "आमेन" म्हणालं. पाळकसाहेबांनी माझा हात धरला आणि असं कबूल करायला केवढं धैर्य लागतं यावर ते बोलले. मी खाली बसलो तेव्हा ध्यानात आलं, की पुन्हा माझंच कौतुक झालं आणि जिच्यासाठी बोललो ती तिथं नव्हतीच.

दुपारी मी तिच्या घरी गेलो. मार्थाबाईंनी मशीनवरचं कापड बाजूला केलं. "सलाम मास्तर, बसा," एवढंच म्हणाल्या. चर्चमधलं त्यांच्या कानावर आलेलं होतं, हे त्यांच्या न बघण्यावरून समजलं. रिबका भिंतीला टेकून बसली होती. गालाची हाडं वर आली होती, पण खोकला नव्हता. मी आलो म्हणजे प्रार्थना असणार, म्हणून तिनं सवयीनं पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

"डोळे उघड," मी म्हणालो. "आज प्रार्थना नाही."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"रिबका, हे दुखणं तुला माझ्याकडून आलं. मला खोकला आहे हे ठाऊक असून मी तुला समोर बसवून गायला लावलं. मग तुझ्याच खाटेशी येऊन तुला पाप शोधायला लावलं. तुझं पाप नव्हतं. कडेगावचं स्थळ माझ्यामुळं गेलं. लोक मला चांगला म्हणत होते आणि तुला टाळत होते, ते मी सहा महिने ऐकून घेतलं. तुझं पत्र मिळालं, तरी उत्तर दिलं नाही. तू मला क्षमा करावीस असं मी म्हणत नाही. मी तुझा अपराधी आहे, आणि हे मला तुला सांगायचं होतं."