मागच्या शिटावरचं तिखट

पिशवी फुटली तेव्हा एसटी कागलच्या अलीकडं आली होती. रस्त्याचं काम चालू होतं, तिथं मागचं चाक आदळलं आणि मागच्या शिटावरून लाल तिखटाचा लोट उठला तो पार ड्रायव्हरपर्यंत गेला. सगळी बस एकदम शिंकायला लागली. कंडक्टर डोळे मिटून घंटीची दोरी चाचपत होता. गाडी थांबली तशी माणसं मिळेल त्या दारानं रस्त्यावर उतरली. हे ज्यांच्यामुळं झालं ते माझे व्याही डोळ्यांतून पाणी गाळत उभे होते. म्हणाले, "नापास."

लेकीच्या या सासऱ्याइतका संशयी माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात नव्हता. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, आणि नोकरी संपली तरी ती त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. वांगी आणली तरी एकेक वांगं उजेडाकडं धरून तिकिटासारखं तपासायचे. घरात शिरले की मागं वळून कुणी राहिलंय का बघायचे, मगच दार लावायचे. एकटेच आलेले असले तरी बघायचे.

जावयाचा कारखाना बंद पडला तेव्हा लेकीनं मोबाईलवर दुकान काढायचं ठरवलं. लोक फोटो बघून मागवणार, हिनं पार्सल पाठवायचं. काय विकायचं एवढंच ठरायचं होतं, आणि ते ठरवणं व्याह्यांनी आपल्याकडं घेतलं. त्यांचं म्हणणं एकच होतं, "जी वस्तू एसटीच्या मागच्या शिटावर टिकली, ती दिल्लीपतोर टिकती." म्हणून प्रत्येक वस्तू मागच्या शिटावर बसून कोल्हापूरहून गडहिंग्लजला जाऊन यायची, शेजारी हे. गूळ नेला, त्याला मुंग्या लागल्या. गूळ पोचला पण एकटा पोचला नाही, असं म्हणून तो नापास केला. चपला धडधाकट परत आल्या. त्या यांनी महिनाभर पायात घातल्या, गल्लीभर करकर वाजवल्या, आणि एवढा चांगला आवाज फोटोत कसा दाखवायचा म्हणून त्याही नापास. मातीच्या कुंड्यांचं काय झालं ते सांगायला नको.

लेक सासऱ्यापुढं बोलायची नाही. मला मात्र तिनं सांगून ठेवलं होतं की तिखटही नापास झालं तर दुकानाचा नाद सोडून इचलकरंजीला कपडे शिवायच्या कारखान्यात लागणार. अंगावर पिणारी पोर घरात ठेवून. म्हणून त्या खेपेला लेकीबरोबर मीही बसमध्ये चढले होते.

तिखट आमच्या गडहिंग्लजचं. संकेश्वरी मिरची मी निवडली होती, देठं खुडली होती, डंकावर उभं राहून कुटून घेतली होती. व्याह्यांनी ते घरातल्या पातळ पिशवीत बांधलं. ही टिकायची नाही, असं मी म्हणाले, तर मलाच ऐकवलं, "ईनबाई, परीक्षेला मदत चालत न्हाय."

आणि आता रस्त्याच्या कडेला उभे राहून नापास म्हणत होते. लेकीनं ओढणीनं तोंड पुसलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती त्यांच्याकडं सरळ बघून बोलली.

"मामंजी, पिशवी नापास झाली. तिखट न्हाय."

तेवढ्यात एक पटकेवाला म्हातारा शिंकत शिंकत आमच्याकडं आला. आता शिव्या खायच्या, असं मला वाटलं. तो म्हणाला, "पावणं, डोळं जाळलासा की आमचं. आता सांगा, एवढं जोरदार तिखट मिळतं कुठं?"

व्याह्यांनी लेकीकडं बोट केलं. "हिला इचारा. दुकान हिचं हाय."

मग ते बसमध्ये चढले, कंडक्टरची बोलणी खात सगळी शिटं झाडली, आणि आत कुणी राहिलंय का बघून सगळ्यांना वर बोलावलं.

दुकान तिखटाचंच झालं. व्याह्यांनी पिशव्या बांधायचं काम घेतलं. एकात एक तीन पिशव्या घालायचे, आणि तरी अधूनमधून एखादी घेऊन मागच्या शिटावर बसून यायचे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. लेक आता तीन पिशव्या घालते. पार्सलवाला गेला की मागं वळून बघते, मग दार लावते.

त्या दिवशी मागच्या शिटावर आम्ही तिघं होतो. त्यातल्या दोघी आहोत.