एकतीस गोष्टी आणि तीन हिस्से

मोजणी खात्यात मी चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. लोक मला टेपसाहेब म्हणत. म्हणजे तोंडावर टेपसाहेब, पाठ वळली की नुसतं टेप. दोन भावांच्या मधे उभं राहून, दोघांच्याही शिव्या खाऊन, मी बांधाचे दगड असे रोवायचो की पुढे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. वाटणी म्हटली की माझा हात कुणी धरू शकत नाही, असा माझा पक्का समज होता. तो समज एका शनिवारी सकाळी, एका डब्बीएवढ्या हार्ड डिस्कपुढे कसा उताणा पडला, त्याची ही हकिगत.

आधी हिच्याबद्दल सांगायला हवं. ही म्हणजे माझी बायको. बसस्टँडवर सव्वीस वर्षं अनाउन्सर होती. गावात तिचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, पण भाजीच्या दुकानात तिने नुसतं "अर्धा किलो द्या" म्हटलं तरी चार माणसं पिशव्या उचलून निघायच्या तयारीत उभी राहायची. असा आवाज घरात असून मी काय केलं? पेपर वाचला. ती बोलायची, मी "हं" म्हणायचो. माझ्या संसाराचं एवढंच निवेदन आहे.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "ऑपरेशनशिवाय इलाज नाही. जिवाला धोका नाही, पण आवाजाचं मी काही सांगू शकत नाही. आला तरी हा नसेल." ऑपरेशनला आठ दिवस होते. मला वाटलं ही रडेल. हिने मागच्या खोलीत, बाहेरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून, डोक्यावरून गोधडी घेतली, फोन हातात धरला आणि आमच्या चार वर्षांच्या नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड करायला बसली. नात आणि लेक दुसऱ्या गावी राहतात. सगळ्या गोष्टी हिच्याच डोक्यातल्या. सात नंबरची एक बस असते, तिला ठरलेल्या रस्त्याचा कंटाळा येतो, आणि ती वाटेल तिकडे जाते. आठ दिवसांत एकतीस गोष्टी झाल्या. नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

आता तिच्या घशातून एकच गोष्ट निघते, एक बारीक "हं". तोही निघताना दुखतो, म्हणून ती तो फारसा काढत नाही. गळ्यात दोरीने वही अडकवलेली असते. त्यात लिहिते. आणि त्या एकतीस गोष्टी म्हणजे तिचा उरलेला सगळा आवाज, हे मला ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगतो. माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही मला.

फोन भरला म्हणून त्या गोष्टी मी हार्ड डिस्कवर हलवल्या आणि फोनमधून पुसून टाकल्या. एका जागी, नीट, नावं घालून. डिस्कला लेबल लावलं, लेबलवर तारीख घातली. व्यवस्थितपणा माझ्या अंगातच आहे.

रविवारी लेक नातीला घेऊन येणार होती. येताना तिच्या लॅपटॉपमध्ये नातीचे व्हिडिओ आणणार, ते डिस्कवर टाकणार, ही ते टीव्हीवर बघणार, आणि आजवर नात इथे आली की ऐकायची त्या गोष्टी जाताना लेक घेऊन जाणार, असा बेत. अडचण एवढीच की आमच्या तीन यंत्रांचं एकमेकांशी पटत नव्हतं. माझा कॉम्प्युटर जुना. त्याने ज्या पद्धतीने डिस्क मांडली होती ती लेकीच्या लॅपटॉपला वाचता येई, पण तिच्यावर लिहायला तो साफ नकार देई. टीव्ही तर महाखट. त्याला जुन्यात जुनीच पद्धत लागे, नाहीतर डिस्क सापडली नाही म्हणून मोकळा.

फोनवर लेक म्हणाली, "बाबा, डिस्कचे भाग पाडावे लागतील. एक टीव्हीला, एक तुमचा, आणि एक आपल्या दोघांना लिहिता-वाचता येईल असा. मी आले की करू. आणि करायचंच झालं तर आधी गोष्टींची कॉपी काढून ठेवा. ऐकताय ना?"

मी म्हटलं, "हं."

आता भाग पाडायचे, आणि ते लेक येऊन पाडणार? चौतीस वर्षांची नोकरी काय भाड्याने दिली होती मी? शनिवारी सकाळी आंघोळ करून बसलो. आधी आलेख कागदावर डिस्कचा नकाशा काढला, प्रमाण घालून. टीव्हीचा हिस्सा हिरवा, माझा पिवळा, सामाईक तांबडा. दारात उभी राहून ही बघत होती. तिने वहीत लिहिलं, "येतं का तुम्हाला?" मी नुसता हसलो. त्या हसण्यासाठी आज स्वतःच्या मुस्कटात द्यावीशी वाटते.

कॉम्प्युटरवर जुना भाग काढायचा, नवे तीन घालायचे, असं होतं. मधेच एक चौकट आली. या भागावरील सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जायचं का?

आता ऐका. अशी वाक्यं मी स्वतः चौतीस वर्षं लिहिली. 'हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी, त्यानंतर कोणतीही तक्रार चालणार नाही.' प्रत्येक नोटिशीच्या तळाशी असायचंच ते. सात दिवसांनी काय, सात महिन्यांनी लोक यायचे आणि त्यांची तक्रार चालायची. खालची ओळ घाबरवायला असते, हे लिहिणाऱ्याइतकं कोणाला कळणार? शिवाय शेताच्या मधून बांध घातला म्हणून शेतातलं आंब्याचं झाड कधी नष्ट झालेलं मी पाहिलं नाही. झाड असतं तिथेच असतं, फक्त कुणाचं ते ठरतं. गोष्टी पिवळ्या हिश्श्यात उभ्या राहतील, असा हिशेब करून मी 'होय' दाबलं.

चार मिनिटांत तीन हिस्से तयार. काय ते रेखीव काम! पिवळा हिस्सा उघडूनही बघितला नाही. बांध घातल्यावर झाड आहे का बघायला कोण परत जातं? उलट त्या आनंदात टीव्हीच्या हिश्श्यात माझ्याकडच्या जुन्या क्रिकेटच्या मॅचेस भरल्या. एकूण एक हरलेल्या. हरलेल्या मॅचमधून माणूस शिकतो, असं मी जावयाला नेहमी सांगत असे.

रविवारी दहाच्या सुमाराला मंडळी आली. नात सोफ्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, सात नंबर लाव." ही तिच्या शेजारी बसली, वही मांडीवर. लेकीने डिस्क लॅपटॉपला जोडली.

"बाबा, गोष्टी कुठे आहेत?"

"पिवळ्यात."

"पिवळा म्हणजे?"

"दुसऱ्या हिश्श्यात गं."

"दुसरा रिकामा आहे. तिसरा रिकामा आहे. पहिल्यात क्रिकेट आहे." मग तिचा आवाज बदलला. "बाबा, कॉपी काढली होती ना?"

कॉपी कुठली! नात म्हणाली, "बस कुठे गेली?" मी हिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर ही मला चार शब्द सुनावायची ते मी कानाआड केले, आणि ज्या दिवशी मला शिव्या खायची खरोखर गरज होती त्या दिवशी तिच्याकडे आवाज नव्हता. तिने वहीत लिहून वही माझ्यापुढे धरली. "एकही नाही?"

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. साठी उलटलेला माणूस, मोजणी खात्याचा माजी अधिकारी, बादलीवर बसून रडत होता.

सोमवारी सकाळी डिस्क रुमालात गुंडाळून बाजारातल्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, तोंडाने फटकळ. त्यांना सगळं सांगितलं. नकाशाही दाखवला, रंगीत.

"नकाशा छान आहे," त्या म्हणाल्या. "पुसलेली माहिती लगेच जात नाही. तिचा पत्ता जातो. पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं तर मात्र गेली. यावर नंतर काही टाकलंत?"

"क्रिकेटच्या मॅचेस."

"कोण जिंकलं?"

"सगळ्या हरलेल्या."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. असा नमुना त्यांच्याकडे रोज येत नसावा.

चार दिवसांनी बावीस गोष्टी परत मिळाल्या. नऊ गेल्या त्या कायमच्या, त्यांच्या छातीवर माझ्या मॅचेस बसल्या होत्या. मिळालेल्यांनाही नावं नव्हती, नुसते आकडे. बाई म्हणाल्या, "एकेक ऐकून नावं तुम्हालाच घालावी लागतील. पूर्ण ऐका, मधे तुटलेली असली तर कळेल." मी घरी आल्या आल्या आधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी केल्या. आता.

मग कानाला हेडफोन लावून बसलो. इतक्या वर्षांच्या संसारात हिचं बोलणं मी पहिल्यांदा सलग ऐकत होतो. काय सांगते हो ही! बस शाळेच्या मैदानात जाऊन झोपते, बस दवाखान्यात जाऊन टायर दाखवते. मी एकटाच हसत होतो. आणि प्रत्येक गोष्टीच्या मागे, लांबून, कुणीतरी एक बैल होता. "अहो, जरा दार ओढून घ्या, रेकॉर्ड करतेय." "हं." आणि दाराचा आवाज नाहीच. "अहो, पेपर हळू उलटा." "हं." अगदी पहिल्या गोष्टीत तर ही विचारते, "अहो, या ड्रायव्हरचं नाव काय ठेवू?" बैल म्हणतो, "हं." मग ही सुरू करते, "तर त्या बसच्या ड्रायव्हरचं नाव होतं हंकाका. हंकाकांना काहीही विचारा, ते हं म्हणायचे, आणि बस मनाला येईल तिकडे जायची."

एकतीस गोष्टींचा नायक मी होतो, आणि मला पत्ता नव्हता.

हेडफोन काढून हिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "उरलेल्या नऊ मला सांग. मी बोलतो." तिने वही उघडली. रोज सकाळी एक गोष्ट ती लिहून काढायची आणि मी गोधडीत बसून फोनवर रेकॉर्ड करत वाचायचो. पहिल्या दिवशी मी सुरुवात केली, "सदर बस पूर्व दिशेस वळून..." टक! तिने पेन्सिल टेबलावर आपटली. पुन्हा. "बस पूर्वेकडे वळली, तेथून सुमारे दोनशे मीटर अंतरावर..." टक! तिसऱ्या दिवशी कुठे मला बस चालवता आली. चौथ्या दिवशी मी वहीत नसलेलं एक वळण घेतलं, आणि पेन्सिल आपटली नाही.

नऊच्या नऊ लेकीला पाठवल्या. आठवड्याने नातीचा फोन आला. "आजोबा, तुम्ही आजीएवढं छान नाही सांगत."

"खरंय बाळा."

"पण तुमच्या गोष्टीत मागे आजी आहे."

"पेन्सिल वाजते ती?"

"नाही. आजी हं म्हणते."

मी फोन ठेवून पुन्हा हेडफोन लावले. बोलण्याच्या नादात मला ऐकूच आलं नव्हतं. बस वळली, "हं." हंकाका घाबरले, "हं." बारीक, खरखरीत, पण होता. एकेक हं काढताना तिच्या घशात काय होत असेल हे मला माहीत आहे. मोजायची खोड जात नाही, मी मोजले. तिच्या बावीस गोष्टींत माझे हं होते त्रेचाळीस. माझ्या नऊ गोष्टींत तिचे एकशे चौदा, आणि त्यातला एकही चुकीच्या जागी नव्हता.