तानाबाईची गादी

हिंगणघाटच्या बाजारात गाद्या-रजयांची दुकानं कधीकाळी सात होती. आता दोन उरलीत, त्यातलं एक मंदाबाईचं. दुसऱ्याचं नाव तिच्यासमोर काढायचं नाही, कारण तो फोम विकतो. “फोमवर निजायचं असन तं तिकडं जा बापा, अन् कंबर धरली का मंग माह्याकडं ये,” असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते आणि वरून हसते. गिऱ्हाईकही हसतं, आणि दहातली सात तरी फोमकडेच जातात.

दुकान सासऱ्याचं, डोमाजीचं. मागे कापूस धुनकायची, म्हणजे पिंजायची मशीन, पुढे सतरंजी टाकून टाके घालायची जागा. मंदाबाईचा नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मशीन तिचा मुलगा रोशन चालवतो आणि सुई तिच्या हातात असते. रजईवर मांडी घालून घालून तिचे गुडघे पार कामातून गेलेत, पण टाका अजून सरळ रेघेत पडतो. त्याचा तिला भारी गर्व. असायचाच.

आता या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. जुनी गादी उसवली की घर उसवल्यासारखं होतं. कोण कुशीवर निजतं, कोण नवऱ्याकडे पाठ करून निजतं, कोणाचं पोर अजून गादी ओली करतं, कोण रात्ररात्र बसून खोकतं, सगळं त्या कापसात असतं. मंदाबाई नुसता हात फिरवून सांगू शकते. सांगत मात्र नाही, कारण डोमाजीने तसं बजावून ठेवलं होतं.

त्यामागे एक किस्सा होता. तरुणपणी डोमाजीची जीभ सैल होती. एकदा चहाच्या टपरीवर तो हसत हसत बोलून गेला की, अमक्याचा वीस वर्षांचा घोडा अजून गादी भिजवते. चार दिवसांत त्या पोराची जमलेली सोयरीक मोडली. पोरगा घरातून निघून गेला, तो परत आलाच नाही. त्याची माय दुकानासमोर उभी राहून डोमाजीला काही बोलली नाही, नुसती पाहत राहिली. त्या दिवसापासून डोमाजीने कायदा केला, आणि मरताना सुनेला शेवटचं तेच सांगितलं, “गादीतलं गादीत राहू देजो, पोरी.” मंदाबाईने तो कायदा देवाच्या शब्दासारखा पाळला. म्हणून तर अल्लीपूर, वडनेर, पार केळझरपर्यंतच्या बाया आपल्या घरचं अंथरूण तिच्याकडे डोळे मिटून देत.

अल्लीपूरची तानाबाई त्यातलीच, पण सगळ्यांत वरची. दिवाळी झाली की स्वतःच्या वावरातल्या कापसाची रुई पोत्यात बांधून ती एस.टी.नं यायची. कापूस धुनकून होईस्तोवर दुकानातून हलायची नाही. “तुह्या पोराचा हात लांब हाये, मंदा, माह्यी रुई दुसऱ्याच्या गादीत जाईन,” असं रोशनसमोरच म्हणायची, आणि पिशवीतून त्याच्याचसाठी तुरीच्या उकडलेल्या शेंगा काढायची. मंदाबाईचा नवरा गेला तेव्हा सगळा बाजार म्हणाला, आता हे दुकान बसलं. पंधराव्या दिवशी तानाबाई तीन जुन्या गाद्या बैलगाडीत घालून हजर. “रडणं झालं असन तं सुई धर,” म्हणाली. मंदाबाईने सुई धरली. ते उपकार ती विसरली नव्हती, आणि म्हणूनच पुढचं सांगताना माझंही तोंड कडू होतं.

दोन वर्षांपूर्वी तानाबाईला लकवा मारला. डावं अंग गेलं, बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत. मंदाबाई तेव्हा एकदा भेटून आली होती. सून सरिता करत होती तिचं, नाव ठेवायला जागा नव्हती. मग सीझन, लग्नसराई, गुडघे. पुन्हा जाणं झालं नाही.

या जानेवारीत तानाबाईचा मुलगा प्रफुल्ल एक गादी घेऊन आला. ऑटोतून उतरवली तेव्हाच रोशनने नाकाला रुमाल लावला.

“मायची हाये, वैनी,” प्रफुल्ल म्हणाला. “आमच्या पोरीचा, काजलचा साखरपुडा हाये पुढच्या हप्त्यात. पाहुणे येऊन राह्यले अन् घरात वास येते. धुनकून ठेवा. साखरपुडा झाला का नेतो.”

“अन् तवरिक मावशी कायवर निजन?”

“हाये ना चटई.” तो दुसरीकडे पाहत होता. मग जाता जाता वळला, “अन् हो, काजलच्या लग्नाच्या गाद्या-रजया तुमच्याकडंच हायेत बरं. चौदा-चौदा. बाकीचे म्हणत होते फोम घ्या, म्या म्हटलं नाई, मंदावैनीच.”

चौदा गाद्या आणि चौदा रजया! त्या हिवाळ्यात मंदाबाईच्या दुकानात एवढं मोठं काम दुसरं आलंच नव्हतं.

तिने गादी उसवली. खोळ काढली तर ती चिकटून आली. माणूस कूस बदलतं तेव्हा कापूस सगळीकडून सारखा दबतो. इथे तसं नव्हतं. मधोमध, कंबरेच्या जागी, एकच खड्डा होता दोन वितींचा, आणि तिथला कापूस काळा पडून गोळा झाला होता. लघवीचा वास तर होताच, पण त्याखाली दुसरा वास होता, पुवाचा. माणसाला महिनोन्‌महिने कोणी उलटवलेलं नव्हतं. तानाबाईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या वाहत होत्या, आणि ती त्याच ओल्यात पडून होती. मंदाबाईला हे कोणी सांगायची गरज नव्हती, ते तिच्या हातात होतं.

“आई, हे काय हाये?” रोशनने विचारलं.

“काई नाई. तो मधला कापूस जाळून टाक, नवा भर,” ती म्हणाली.

“अवं पण म्हातारी...”

“आपलं काम गादीचं. लोकाच्या घरात नाक खुपसू नोको.”

रोशनने तो कापूस उचलला. आईचा आवाज चढला की तो बोलत नाही, आणि आवाज का चढला हे कळण्याइतका तो मोठा होता.

गादी दुसऱ्या दिवशी तयार झाली. नवी खोळ, नवे टाके, मऊ. मंदाबाईने ती फळीवर ठेवली. आणि ती तिथे राहिली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. अल्लीपूर काही लंडनला नाही, ऑटोने अर्ध्या-पाऊण तासाची वाट! पण रोज काहीतरी निघत होतं. कधी गिऱ्हाईक होतं, कधी गुडघा दुखत होता. साखरपुड्याच्या घरात असं मध्येच जायचं, बरं दिसते का? आणि जाऊन म्हणायचं काय? प्रफुल्ल, तुह्या मायच्या पाठीत किडे पडून राह्यले? तो म्हणेल, तुमाले कोणं सांगितलं? गादीनं? मग डोमाजीच्या कायद्याचं काय? असं ती स्वतःला समजावत होती. कायदा ढालीसारखा पुढे धरला होता आणि मागे चौदा गाद्या झाकल्या होत्या, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती बसून राहिली. माणूस असाच असतो, दुसऱ्याला शहाणपण सांगायला मोकळा.

साखरपुडा झाला. प्रफुल्ल आला नाही. बाराव्या दिवशी सकाळी तिने फोन लावला.

“गादी तयार हाये प्रफुल्ल, घेऊन जा ना.”

“राहू द्या वैनी, घाई नाई,” तो म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. “आता लागते का नाई, काय मालूम.”

मंदाबाईने फोन ठेवला. “रोशन, ऑटो बोलाव,” एवढंच ती म्हणाली. गादी टपावर बांधली, रोशन मागे बसला आणि दोघं अल्लीपूरला निघाली.

प्रफुल्लच्या दारात साखरपुड्याच्या मांडवाचे बांबू अजून उभे होते. तो वावरात गेला होता. सरिता उंबऱ्यात आली. “निजली हाये, ताई. आत्ताच डोया लागला तिचा.” मंदाबाई तिच्या अंगावरून आत गेली. आयुष्यात ती कोणाच्या घरात अशी घुसली नव्हती.

तानाबाई माजघरात नव्हती. पाहुणे यायचे म्हणून तिला मागच्या कुटाराच्या, गुरांचा चारा ठेवायच्या खोलीत हलवलं होतं, ती तिथेच राहिली होती. खाली खताची रिकामी पोती, त्यावर चटई, अंगावर मंदाबाईच्याच हातची जुनी रजई. रजई बाजूला केली तेव्हा रोशन बाहेर जाऊन ओकला. मंदाबाई ओकली नाही. ती खाली बसली, ज्या गुडघ्यांनी बारा दिवस जायला नकार दिला होता त्याच गुडघ्यांवर.

“मावशी.”

तानाबाईने डोळे उघडले. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळ्यांत ओळख होती. ती हसली. खरंच हसली.

“आली तू,” ती म्हणाली. शब्द घरंगळत येत होते. “म्या म्हटलंच होतं. मंदा पाहीन अन् येईन.”

“काय पाहीन, मावशी?”

“गादी. म्याच धाडली.” तिने दम घेतला. “पोट्टा जाळूनच टाकून राह्यला होता. म्या म्हटलं, जाळू नोको, लग्नात कामी येईन, मंदाकडं दे. दुसऱ्या कोणाकडं नोको.” पुन्हा दम. “गावात कसं सांगू? पोट्टा हाये माहा. लोकं थुकतीन त्याच्यावर. तू कोणाले सांगत नाई. पण तू पाहतं तं सारंच.”

म्हातारीने चिठ्ठी पाठवावी तशी गादी पाठवली होती. पोराची अब्रूही जाऊ नये आणि आपणही मरू नये, एवढी एकच वाट तिने शोधली होती, आणि ती वाट थेट मंदाबाईच्या हातात येऊन थांबली होती. डोमाजीने सांगितलं होतं बाजारात बोलू नको. पाहू नको, जाऊ नको, असं त्या बिचाऱ्याने कधी म्हटलं होतं?

“कवा पाह्यली तू?” तानाबाईने विचारलं.

मंदाबाईने तिच्याकडे पाहिलं. खोलीत माश्या घोंगावत होत्या. दारात सरिता पदर तोंडात धरून उभी होती.

“काल,” मंदाबाई म्हणाली. “लय काम पडलं होतं दुकानात, मावशी. कालच उसवली.”

तानाबाईने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. तिचा चालता उजवा हात मंदाबाईच्या हातावर आला.

“मंग बरं,” ती म्हणाली. “मले वाटलं, पाहून बी गप बसली. रोज वाटे. म्या म्हटलं, नाई, मंदा तशी नाई.”

त्याच गादीवर घालून तिला ऑटोत ठेवली आणि वर्ध्याच्या दवाखान्यात नेली. वावरातून धावत आलेला प्रफुल्ल पायाशी बसून ढसाढसा रडत होता. ते रडणं खोटं नव्हतं, पण उशिराचं होतं. डॉक्टरांनी पाठ पाहिली, विष रक्तात गेलंय म्हणाले. आठ-दहा दिवस आधी आणायला हवं होतं, असंही म्हणाले. ते त्यांनी प्रफुल्लला म्हटलं. मंदाबाई बाजूच्या बाकावर बसली होती.

तानाबाई पाच दिवस जगली. जो भेटायला येई त्याला ती एकच सांगे, जमेल तसं, तुटक तुटक: मंदानं काल गादी पाह्यली अन् आज धावत आली. पोराचं नाव तिने काढलं नाही. सहाव्या दिवशी पहाटे गेली.

तेरवीला मंदाबाईला जायचं नव्हतं. पण न जाणं जास्त दिसलं असतं. गेली. केळझरहून तानाबाईचा भाऊ बापूराव आला होता, ऐंशीचा म्हातारा. पंगतीत सगळ्यांसमोर तो काठी टेकत मंदाबाईपुढे आला आणि त्याने हात जोडले.

“आमच्या बहिणीचं पोटच्या पोरानं नाई केलं ते तुम्ही केलं, बाई,” तो म्हणाला. “एका दिवसात धावून आल्या. रक्ताचं कोणी येत नाई असं.”

बाया माना हलवू लागल्या. कोणी डोळे पुसले. कोणी प्रफुल्लकडे पाहून तोंड फिरवलं. त्याची अब्रू गावातून उठली होती, त्याच्याशी धड कोणी बोलत नव्हतं. तो भाजीची बादली घेऊन तिथेच उभा होता, दोन हातांवर. गादी बारा दिवस मंदाबाईच्या दुकानात होती हे ज्या मोजक्या माणसांना ठाऊक होतं, त्यांतला तो एक. त्याने मान वर केली आणि मंदाबाईच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

मंदाबाई वाट पाहत राहिली, की हा आता बोलेल. बोलला असता तर तिला सुटल्यासारखं झालं असतं. तो बोलला नाही. त्याने वाकून तिच्या पत्रावळीवर भाजी वाढली, “घ्या वैनी,” म्हणाला, आणि पुढच्या पानाकडे गेला. आणि मंदाबाई जेवली.