गाणं संपलं की बोलावं लागतं

सोनाजी बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर घशात अडकलं की जबडा थरथरायचा, डोळे ताठ व्हायचे आणि समोरच्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. दौलताबादच्या पलीकडं मेंढरं राखत होता तोवर निभलं. मेंढरांना लांब सुरात हाळी घालायची असते, आणि सुरात त्याचं कधी काही अडलं नाही.

सत्याऐंशी सालच्या दुष्काळात बापानं कळप विकला. सोनाजी शहराच्या कडेला मुकुंदवाडीला बहिणीकडं, आवडाबाईकडं राहायला आला. शहर त्या बाजूनं रोज वाढत होतं. एका नव्या कारखान्यात त्याला माल चढवायचं काम मिळालं. कोणी काही विचारील या धास्तीनं तो जेवायलासुद्धा पोत्यांच्या थप्पीमागं बसायचा. मुकादमानं हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखं करायचा.

गोण्या चढवताना मात्र तो गायचा. तो आवाज एक दिवस तात्यासाहेबांच्या कानावर पडला. तात्यासाहेब निवृत्त संगीत शिक्षक. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी ते याच कारखान्यातल्या लोकांना घेऊन संगीत नाटक बसवत होते. गोष्ट एका कोरड्या गावाची: गावकरी पाणाड्याला बोलावतात, आणि विहीर कुठं खणायची ते तो दाखवतो. पाणाड्याची तीन पदं सोनाजीनं चार दिवसांत उचलली. पाचव्या दिवशी तात्यासाहेबांनी पदांच्या मधले संवाद म्हणायला सांगितले.

गाणं संपलं की बोलावं लागतं, हे सोनाजीला कोणी सांगितलंच नव्हतं. पाणी पिऊन येतो अशी खूण करून तो बाहेर पडला, तो तीन दिवस कामावरही फिरकला नाही. शेवटी आवडाबाई तात्यासाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"त्याला बोलाय लावू नका, गुरुजी," ती म्हणाली. "भेवानं मरंल त्यो. गायाला सांगा, लागंल तेवढं गाईल."

तात्यासाहेबांनी सोनाजीला बोलावून घेतलं. संगीत नाटकात माणसं आधी बोलतात, त्यांनी समजावलं, आणि बोलणं पुरेनासं झालं की गातात. दुसरा एक प्रकार असतो, संगीतिका. तिच्यात सगळं सुरातच असतं. पाण्याचा तांब्या मागायचा तरी गाऊनच. आपण संगीतिका करू, असं ते म्हणाले आणि त्यांनी साऱ्या संवादांना चाली लावल्या. मंडळी कुरकुरली. पाटलीणबाईंचं काम करणाऱ्या द्वारकाबाईंना तर साधं वाक्य गायचं म्हणजे हसू आवरायचं नाही.

प्रयोगाच्या दिवशी सोनाजी पडद्यामागं दोनदा ओकला. नाट्यगृह भरलेलं होतं; कारखान्यातलेही बरेच आले होते. पहिला अंक पार पडला. दुसऱ्या अंकात द्वारकाबाई गडबडल्या, चाल विसरल्या आणि सरळ बोलूनच मोकळ्या झाल्या.

"पाणाड्या, पाणी हाय का नाय?"

तात्यासाहेबांची पेटी थांबली. सोनाजीला उत्तर पाठ होतं, पण ते सुरात पाठ होतं, आणि सूर कोणी देत नव्हतं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग आणखी दोघं. पाच पावलांवर विंग दिसत होती. पळावं असं वाटत होतं, पण पाय उचलेनात.

"ह... ह... हाय," तो म्हणाला.

तेव्हा कुठं तात्यासाहेबांनी पेटीवर सूर धरला. पुढचं पद सोनाजी कापऱ्या आवाजात गायला, शेवटपर्यंत.

बक्षीस मिळालं नाही. हे धड नाटक नाही आणि धड संगीतिकाही नाही, असा शेरा परीक्षकांनी मारला. हसणारे कोण होते ते सोनाजीला कळलं नव्हतं, त्यामुळं कारखान्यात त्याला प्रत्येकाचीच भीती वाटायला लागली. दोन महिने तो गोण्या चढवतानाही गायला नाही.

पुढच्या वर्षी तात्यासाहेबांनी नेहमीसारखं संगीत नाटक घेतलं. सोनाजीनं पेटीशेजारी बसून फक्त गावं, असं त्यांनी सुचवलं. सोनाजी उभा राहिला. अडत, थांबत त्यानं जे सांगितलं ते पुरं व्हायला बराच वेळ लागला. गेल्या वर्षी तो एक 'हाय' सुराशिवाय निघाला होता; आता त्याला बोलायचं काम हवं होतं. दोनच वाक्यांचं.

ते त्याला मिळालं. त्या दोन वाक्यांनी दीड महिना त्याची झोप उडवली. प्रयोगात पहिलं नीट आलं, दुसरं अर्ध्यावर अडकलं.