पोट शिगेबाईंचं, निकाल मुलाला

तीस वर्षं कुट्टूच्या पिठाच्या शेवया लाटून विकणाऱ्या शिगे इसोमुरांना पोटाच्या तपासणीचा निकाल त्यांच्या मुलाने, यासुनोरीने सांगितला. तोही बुटाच्या नाड्या बांधता बांधता.

"अल्सर आहे, आई. पोटाचा थोडा भाग काढतील."

शिगेबाईंनी मान डोलावली. पण दुसऱ्याच दिवशी नणंद लाकडी पेटीतलं महागडं खरबूज घेऊन आली. ही बाई कुणी मरायला टेकल्याशिवाय साधं संत्रंही देत नसे! शिगेबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कॅन्सर आहे ना मला?"

यासुनोरीने मान खाली घातली. "डॉक्टरच म्हणाले, तुला सांगू नका. घाबरशील."

"घाबरेन? तुझ्या वडिलांची हाडं चितेतून ह्या हातांनी वेचली मी!"

आमच्याकडे जपानात तेव्हा ही रीतच होती. आजार एकाचा, चर्चा बाकीच्यांची. आणि याला माया म्हणायचं! संताप येतो नुसता.

शिगेबाई तडक सर्जनसमोर जाऊन बसल्या. सर्जन यासुनोरीकडे बघून बोलू लागला.

"इकडे बघा," शिगेबाई म्हणाल्या. "गाठ केवढी?"

"नखाएवढी. वरच्या थरातच आहे."

"आणि पोट किती कापणार?"

"दोन तृतीयांश."

"नखासाठी हात तोडता का तुम्ही? तोंडातून नळी घालून गाठ सोलून काढतात म्हणे तोक्योत."

"ती नवी टूम आहे, आजी."

"असू दे. माझ्या पोटाचे फोटो आणि तिथल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी द्या."

यासुनोरी लालबुंद झाला, सर्जनसमोर कमरेत वाकला. "आई, डॉक्टरांचा अपमान होतोय!"

"आणि माझ्या पोटाचा?"

तोक्योच्या हातानो डॉक्टरांनी शिगेबाईंना झोपेचं औषध दिलं. नळीतूनच गाठीखाली पाणी भरून ती उचलली, भोवती चीर दिली आणि दोन तासांत अख्खी सोलून काढली. पोटावर ओरखडाही नाही.

शिगेबाईंना जाग आली तेव्हा दाराशी कुजबुज चालली होती. सोलून काढलेला तुकडा बुचाच्या पाटीवर टाचण्यांनी ताणून हातानो यासुनोरीला दाखवत होते.

"डॉक्टर!" घसा सोललेला, तरी आवाज खणखणीत. "बाळंतपण माझं, आणि बाळ आधी दुसऱ्याला दाखवता?"

हातानो ओशाळले. पाटी घेऊन खाटेशी आले, गुडघ्यावर बसले. "गाठ पूर्ण निघाली आहे. मुळं खोल गेली नाहीत ना, ते आठवड्याभरात कळेल. तुम्हालाच आधी सांगेन."

शिगेबाई त्या गुलाबी कातड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या,

"एवढ्याशा ह्याच्यासाठी तू माझ्याशी खोटं बोललास?"