रेहानाच्या घरातले तीन दिवस

मुंबईत चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका युनिटमध्ये शिलाई मशीनचे सुटे भाग बनत. माधुरी जाधव तिथे कामाला होती. ते भाग ढाक्याच्या एका कारखान्यात जात, म्हणून तिथल्या बायकांना नवीन मशीन शिकवायला कंपनीने तिला पाठवलं. त्याच आठवड्यात शहर पेटलं आणि संचारबंदी लागली. तिथल्या सुपरवायझर रेहानाने तिला तीन दिवस स्वतःच्या घरी ठेवलं, मग विमानतळापर्यंत सोडलं.

पुढे दोन्ही देशांचं बिनसलं आणि माल जायचा थांबला. माधुरीच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "बरं झालं! आता आपण सेफ."

माधुरी ताडकन उठली. "कसले सेफ, काका? तिथे दगड पडत होते तेव्हा मला घरात कोणी घेतलं? रेहानाने! एकत्र काम केलं म्हणून ती मला ओळखत होती ना! ती ओळखच तुटली, तर उद्या दार कोण उघडणार?"

"बस गं, चहा घे," शेजारीण म्हणाली. माधुरी बसली नाही.

महिन्याभरात युनिट बंद पडलं. ती आता मालाडला एका दुकानात ब्लाउज शिवते. लिफ्टमध्ये सेक्रेटरी दिसले, की पाच मजले जिन्याने चढते.